बँकेचे काम आणि कोर्टाचा खर्च

बँक आणि कोर्ट हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या डोळ्यांपुढे थकलेला कर्जदार, घाबरलेला जामीनदार, जप्ती आणि लिलाव एवढेच उभे राहते. बँकेने दावा लावायचा आणि कर्जदाराने हेलपाटे घालायचे, हा त्या चित्राचा ठराविक साचा. परंतु ह्या चित्राला दुसरीही एक बाजू आहे व तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पुष्कळदा कोर्टाची पायरी बँकेच्या नोकरालाच चढावी लागते. तीही बँकेतर्फे नव्हे, तर स्वतः प्रतिवादी किंवा आरोपी म्हणून.

समजा, तालुक्याच्या गावी एका शाखाधिकाऱ्याने नियमाप्रमाणे नोटीस देऊन तारण असलेल्या गाळ्याचा ताबा घेतला आणि कर्जदाराने त्याच्याविरुद्ध दमदाटीची फिर्याद ठोकली. किंवा खात्यात पैसे कमी म्हणून चेक परत गेला आणि बाजारात पत गेली म्हणून खातेदाराने त्याच अधिकाऱ्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावला. समन्स येते ते बँकेच्या नावाने न येता माणसाच्या नावाने. काम बँकेचे, शिक्का बँकेचा, नफा झाला असता तर तोही बँकेचाच. पण वकीलपत्रावर सही करताना हात मात्र एकट्याचा. अशा वेळी वकिलाची फी, नकलांचा खर्च, तारखेमागून तारखेला जाण्यायेण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा आमच्या आजच्या विषयाचा गाभा होय.

कोणी म्हणेल, ही बँक आणि नोकर यांच्यामधली घरगुती बाब आहे. आम्हा खातेदारांना तिचे काय? पण असे म्हणणे बरोबर नाही. बँकेच्या तिजोरीतला पैसा ठेवीदारांचा असतो. तो लबाड नोकराच्या बचावासाठी उधळला जाता कामा नये, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की, सरळ मनाने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला उद्या आपले घर विकून खटला लढवावा लागेल अशी धास्ती वाटू लागली, तर तो आज कोणाच्याच कर्जाच्या अर्जावर सही करणार नाही. त्याच्या धास्तीची किंमत शेवटी आपल्यापैकीच कोणा लहान दुकानदाराला किंवा शेतकऱ्याला मोजावी लागते.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘खर्च’ ह्या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहिली, बचावाचा खर्च: वकिलाची फी, कागदपत्रे, प्रवास. दुसरी, दावा हरल्यास हुकूमनाम्याप्रमाणे द्यावी लागणारी रक्कम. तिसरी, गुन्हा शाबीत झाल्यास होणारा दंड. या तिन्हींना एकच माप लावता येत नाही. पहिल्या दोहोंची भरपाई योग्य प्रसंगी मागता येते. तिसरीची मागता येत नाही. कारण गुन्ह्याची शिक्षा ज्याची त्यानेच भोगावयाची असते, आणि ती दुसऱ्याच्या खिशातून भोगता येऊ लागली तर शिक्षेला अर्थच उरणार नाही.

आता या बाबतीत कायदा काय म्हणतो ते पाहू. त्याचे मूळ बरेच जुने आहे. १८७२ सालचा करार कायदा आजही आपल्याकडे चालू आहे. त्यातील २२२ वे कलम सांगते की, मुखत्याराने आपल्याला दिलेल्या अधिकाराच्या कक्षेत जी कायदेशीर कृत्ये केली असतील, त्यांच्या परिणामांपासून त्याची भरपाई करण्यास त्याचा मालक बांधलेला आहे. ह्या कायद्याची एक चांगली रीत अशी की, कलमाखाली उदाहरणे दिलेली आहेत. कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून सिंगापूरच्या मुखत्याराने तिसऱ्या माणसाशी माल पुरविण्याचा करार केला. व्यापाऱ्याने माल पाठविलाच नाही. तिसऱ्या माणसाने मुखत्यारावर दावा लावला. मुखत्याराने मालकाला कळविले, मालकाने दावा लढविण्यास सांगितले, आणि मुखत्यार हरला. अशा वेळी नुकसानभरपाई, कोर्टाचा खर्च आणि त्याने स्वतः केलेला खर्च, हे सारे मालकाने दिले पाहिजे, असे कायदा म्हणतो. मुखत्यार दावा हरला आहे, तरीही त्याला खर्च मिळतो, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. म्हणजे भरपाईचा हक्क जिंकण्या-हरण्यावर नव्हे, तर काम कोणाचे होते यावर उभा आहे.

पुढचे २२३ वे कलम त्याहून एक पाऊल पुढे जाते. मुखत्याराने चांगल्या हेतूने कृत्य केले, पण त्यामुळे तिसऱ्याच माणसाच्या हक्काला बाध आला, तरीही मालकाने त्याची भरपाई केली पाहिजे. येथील उदाहरण तर बँकेच्या माणसांना फारच जवळचे वाटेल. हुकूमनामा मिळालेल्या सावकाराने कोर्टाच्या बेलिफाला अमुक माल माझ्या ऋणकोचा आहे असे सांगून तो जप्त करावयास लावला. माल निघाला भलत्याचाच. खऱ्या मालकाने बेलिफावर दावा केला. बेलिफाला जे भरावे लागले त्याची भरपाई सावकाराने केली पाहिजे. आज तारण मालमत्तेचा ताबा घेणाऱ्या अधिकाऱ्याची स्थिती ह्या बेलिफाहून फार वेगळी नाही. वरिष्ठांनी दिलेल्या कागदावर विसंबून तो जातो. कागदात चूक असली तर ती त्याची नव्हे.

आणि लगेच २२४ व्या कलमात मर्यादा घातलेली आहे. कृत्यच गुन्ह्याचे असेल, तर मालकाने तोंडी अथवा लेखी कितीही वचन दिलेले असो, भरपाई मिळणार नाही. एकाने दुसऱ्याला तिसऱ्याला मारावयास सांगितले आणि ‘काय होईल ते मी पाहून घेईन’ असे आश्वासन दिले, तरी मारणाऱ्याला जी रक्कम भरावी लागेल ती त्याला आश्वासन देणाऱ्याकडून वसूल करता येणार नाही. ह्या कलमाकडे आम्हांला वसुली एजंटांच्या संदर्भात पुन्हा यावयाचे आहे.

हा झाला सर्वसाधारण कायदा. बँकांसाठी त्याखेरीज खास तरतूद आहे. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. आपली बँक ऑफ महाराष्ट्र त्यांतलीच. त्या बँकांसाठी १९७० साली जो कायदा झाला त्याचे १६ वे कलम भरपाईविषयी आहे. त्याचा आशय असा: बँकेच्या प्रत्येक अधिकाऱ्याला व इतर कर्मचाऱ्याला आपले कर्तव्य बजावताना किंवा त्या कर्तव्याच्या संबंधात जे नुकसान व जो खर्च सोसावा लागेल, त्याची भरपाई बँकेने केली पाहिजे, मात्र ते नुकसान किंवा तो खर्च त्याच्या स्वतःच्या हेतुपुरस्सर कृत्यामुळे अथवा कसुरीमुळे उद्भवलेला नसावा. १९८० साली आणखी सहा बँका सरकारकडे आल्या, त्यांच्या कायद्यातही हीच योजना आहे.

ह्या कलमातील दोन शब्दसमूह नीट तोलून पाहिले पाहिजेत. पहिला, ‘कर्तव्याच्या संबंधात’. कर्तव्य बजावीत असताना झालेला खर्च तर त्यात येतोच, पण कर्तव्यामुळे मागाहून ओढवलेला खर्चही येतो. खटला ही गोष्ट बहुधा मागाहूनच येते. दुसरा, ‘हेतुपुरस्सर’. माणसाच्या हातून चूक होते. हिशेबात नजरचूक होते, कर्जदाराचा अंदाज चुकतो, उसाला भाव पडतो आणि चांगले वाटलेले कर्ज बुडते. ह्याला हेतुपुरस्सर कसूर म्हणत नाहीत. जाणूनबुजून नियम मोडणे, किंवा नियम मोडतो की राहतो याची पर्वाच न करणे, ही हेतुपुरस्सर कसूर. अंदाज चुकणे आणि नियत चुकणे यांतला हा फरक ज्याला समजला, त्याला ह्या विषयाचे अर्धे मर्म समजले.

खाजगी बँका ह्या कंपनी कायद्याखाली येतात. १९५६ सालच्या कंपनी कायद्याचे २०१ वे कलम असे होते की, संचालकाला किंवा अधिकाऱ्याला स्वतःच्या हयगयीबद्दल वा विश्वासघाताबद्दल कंपनीने संरक्षण देण्याचा करार रद्दबातल समजावा. मात्र खटल्याचा निकाल त्याच्या बाजूने लागला तर बचावाचा खर्च कंपनीला देता येईल. २०१३ च्या नव्या कायद्याने तो जुना कायदा मागे पडला. आता विमा काढण्याची वाट मोकळी आहे. असा विम्याचा हप्ता अधिकाऱ्याच्या मेहनतान्यात धरला जात नाही, पण तो दोषी ठरला तर धरला जातो. सहकारी बँकांतून बँकेचे पोटनियम, सेवानियम आणि नेमणुकीची पत्रे यांवरच बव्हंशी भिस्त ठेवावी लागते. तेथे काहीच लिहिलेले नसेल तर १८७२ चा जुना कायदा आहेच.

आता कर्तव्याची हद्द कोठे संपते, हा प्रश्न घेऊ. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेच्या एका प्रकरणात दिलेला निकाल याबाबत बोधप्रद आहे. एका बाईंनी खात्यात भरण्यासाठी पैसे दिले होते ते बँकेच्या एका नोकराजवळ; पण दिले होते ते शाखेच्या खिडकीवर नव्हे, तर घरोब्याचा माणूस म्हणून. त्याने ते भरलेच नाहीत. न्यायालयाने म्हटले की, तो बँकेचा नोकर असला तरी त्या वेळी तो बँकेचे काम करीत नव्हता. सबब बँक जबाबदार नाही. हा निकाल खातेदाराच्या दाव्यासंबंधी आहे. पण त्याची दुसरी बाजू साहजिकच अशी की, जे काम लोकांच्या दृष्टीने बँकेचे नव्हते, त्यावरून उद्भवलेल्या खटल्याचा खर्चही बँकेकडे मागता येणार नाही. खुर्चीवर बसला होता की नाही हे पाहावयाचे नाही. खुर्चीचे काम करीत होता की नाही हे पाहावयाचे.

प्रत्यक्ष व्यवहारात मात्र आणखी एक गोष्ट निर्णायक ठरते, आणि ती म्हणजे खटला लावला कोणी. येथे आपल्याला सरकारी नोकरांच्या बाबतीतल्या एका जुन्या वाटेचा उपयोग होतो. राज्यघटनेच्या ३२० व्या अनुच्छेदातच असा उल्लेख आहे की, कर्तव्य म्हणून केलेल्या कृत्याबद्दल नोकरावर खटला झाला आणि त्याने बचावाचा खर्च सरकारी तिजोरीतून मागितला, तर त्या मागणीवर लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यावा. घटना लिहिणाऱ्यांना ही बाब इतकी महत्त्वाची वाटली. पुढे जानेवारी १९५९ मध्ये भारत सरकारच्या गृह मंत्रालयाने एक तपशीलवार ज्ञापन काढले आणि खटल्यांचे वर्ग पाडले. बँकांना ते जसेच्या तसे लागू नाही आणि बँकागणिक नियम बदलतात. परंतु विचाराची दिशा त्यावरून चांगली कळते.

पहिला वर्ग, बाहेरच्या माणसाने नोकरावर त्याच्या कामाबद्दल खटला लावला असेल तर. येथे संस्थेने स्वतः बचाव हाती घ्यावा, किंवा नोकराने आपला वकील दिला आणि निकाल त्याच्या बाजूने लागला तर वाजवी खर्च द्यावा. मधल्या काळासाठी बिनव्याजी उचलही देता येते. आमच्या मते बँकेने आपलाच वकील देणे हे उभयपक्षी श्रेयस्कर. मात्र बँकेचे हित आणि नोकराचे हित एकमेकांच्या आड येत असतील, उदाहरणार्थ ‘हे सारे शाखाधिकाऱ्याने आपल्या मनाने केले’ असा बचाव बँक घेणार असेल, तर एका वकिलाने दोघांचे काम पाहणे योग्य नव्हे. अशा वेळी नोकराने वेगळा वकील मागावा.

दुसरा वर्ग, नोकरीशी संबंध नसलेले खटले. भाऊबंदकीचा दावा, शेताच्या बांधाचे भांडण, मोटारीचा अपघात. यांचा खर्च ज्याचा त्याने सोसावा, यात वाद नाही.

तिसरा वर्ग सर्वांत अवघड. खटला जर खुद्द सरकारनेच भरला असेल, तर तो चालू असता मदत देऊ नये, असे १९५९ चे ज्ञापन म्हणते. पण नोकर सुटला आणि त्याला विनाकारण खटल्याचा ताण सोसावा लागला असे दिसले, तर खर्चाचा सर्व किंवा वाजवी भाग परत देण्याचा विचार करावा. याचे कारण उघड आहे. एकाच हाताने आरोप करावयाचा आणि दुसऱ्या हाताने बचावाचा पैसा द्यावयाचा, हे विसंगत दिसते. बँकेने स्वतः पोलिसांत फिर्याद दिलेली असेल तेव्हाही हाच न्याय लागतो. खात्याअंतर्गत चौकशीचेही तसेच. तेथे कर्मचाऱ्याला बहुधा संघटनेचा प्रतिनिधी घेता येतो. वकील घ्यावयाचा तर परवानगी लागते. मुंबई बंदराच्या विश्वस्तांच्या एका प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने असे मात्र ठरविले आहे की, मालकाने कायदा शिकलेला माणूस उभा केला असेल, तर नोकराला वकील नाकारणे नैसर्गिक न्यायाला सोडून होईल.

एक शंका येथे हमखास विचारली जाते. बँकेच्या अधिकाऱ्याला कायद्याने संरक्षण दिलेले नाही काय? आहे, पण ते अर्धेमुर्धे आहे. तारणाच्या वसुलीसंबंधीच्या २००२ च्या कायद्याचे ३२ वे कलम सांगते की, चांगल्या हेतूने केलेल्या कृत्याबद्दल धनको बँकेच्या अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली खटला भरण्यापूर्वी मंजुरी लागते, आणि २०१८ च्या दुरुस्तीने ती निवृत्तांनाही लागू झाली. पण फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९७ व्या कलमाने सरकारी अधिकाऱ्यांना जे मंजुरीचे कवच दिले होते, ते राष्ट्रीयीकृत बँकेच्या नोकराला मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच ठरविले. कारण त्याला कामावरून काढण्यास सरकारची मंजुरी लागत नाही. उलट, खाजगी बँकांचे वरिष्ठ अधिकारीही भ्रष्टाचाराच्या कायद्यापुरते लोकसेवकच होत, असे २०१६ साली त्याच न्यायालयाने म्हटले. म्हणजे लोकसेवकाची जबाबदारी आली, कवच मात्र पुरते आले नाही. शिवाय ही कवचे खटल्याच्या शेवटी उपयोगी पडतात. ‘माझा हेतू चांगला होता’ हे सांगावयासदेखील प्रथम वकील द्यावा लागतोच.

मग जिंकल्यावर कोर्टच खर्च देववील, असे कोणी म्हणेल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३५ व्या कलमाप्रमाणे हरलेल्याने खर्च द्यावा हा सामान्य नियम खरा. पण निकालात लिहिलेला खर्च आणि प्रत्यक्ष झालेला खर्च यांची गाठ क्वचितच पडते. खोट्या व त्रास देण्यासाठी केलेल्या दाव्याबद्दल ३५-अ कलमाखाली जी भरपाई मिळते, तिची कमाल मर्यादा साधारण दाव्यांत तीन हजार रुपये आहे. फौजदारी खटल्यात निर्दोष सुटलेल्याला तर बहुधा निकालाची नक्कल घेऊन घरी जावे लागते.

म्हणूनच खर्च द्यावा की नाही याइतकाच तो केव्हा द्यावा हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्याकडे फौजदारी खटला दहा-दहा वर्षे चालतो. ‘आधी सुटून या, मग बिले दाखवा’ असे म्हणणे हे तहानलेल्याला पाऊस पडल्यावर पाणी देण्यासारखे आहे. २०१८ च्या जून महिन्यात पुणे पोलिसांनी एका बांधकाम व्यावसायिकाच्या कर्जप्रकरणात बँक ऑफ महाराष्ट्रच्या व्यवस्थापकीय संचालकांना व इतर अधिकाऱ्यांना अटक केली, ही गोष्ट पुणेकरांच्या स्मरणात असेल. त्याच वर्षी व्यवस्थापकीय संचालकांविरुद्ध पुरावा नसल्याचे पोलिसांनीच न्यायालयाला सांगितले आणि ते त्या प्रकरणातून मोकळे झाले. येथे काही महिन्यांत सुटका झाली. सगळ्यांच्या नशिबी ती इतकी लवकर नसते. स्टेट बँकेचे एक माजी अध्यक्ष २०१३ साली निवृत्त झाले होते. कारकिर्दीतल्या एका कर्जाच्या मालमत्तेसंबंधी त्यांना राजस्थान पोलिसांनी अटक केली ती २०२१ साली. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसांची ही गत, तर निवृत्त शाखाधिकाऱ्याची काय असेल याची कल्पना करावी. त्याच्याजवळ शाखेचे कागद नसतात, शिपाई नसतो, आणि दरमहा येते ते निवृत्तिवेतन. कर्तव्य नोकरीत असताना बजावले असेल तर त्यावरून आलेला खर्च निवृत्तीनंतरचा असला तरी कर्तव्याच्या संबंधातलाच, असे आम्हांला कलमाच्या शब्दांवरून वाटते; आणि बँकांनी आपल्या नियमांत ते स्पष्ट लिहावे हे उत्तम.

यावर व्यवहार्य तोड आहे. बँकेने खटल्याच्या आरंभीच उचल द्यावी आणि नोकराकडून लेखी हमी घ्यावी की, हेतुपुरस्सर गैरकृत्य शाबीत झाले तर ती रक्कम परत करीन. अमेरिकेत ही रीत चांगली रुळलेली आहे. तेथील बँकांना १९९० सालच्या कायद्याने व त्याखालील १९९६ च्या नियमांनी बांधून टाकले आहे. बँकांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेने अधिकाऱ्याविरुद्ध कारवाई केली, तर आधी संचालक मंडळाने चौकशी करून, तो सद्‌हेतूने वागला असे लेखी ठरवावे लागते; खर्च देण्याने बँकेच्या स्थैर्याला धक्का लागणार नाही हे पाहावे लागते; आणि शेवटी दंड अगर पदच्युतीचा हुकूम झाला तर पैसे परत देण्याची लेखी कबुली घ्यावी लागते. दंडाची रक्कम तर बँकेने भरूच नये असा निर्बंध आहे.

त्याच देशातल्या एका खटल्यातून दुसराही धडा मिळतो. गोल्डमन सॅक्स ह्या पेढीत सर्गेई अलेनिकोव्ह नावाचा संगणकाचा कारागीर होता. पेढीची संगणकीय गुपिते चोरल्याच्या आरोपावरून त्याला २००९ साली अटक झाली, शिक्षा झाली, २०१२ साली वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. त्याने पेढीकडे वकिलांचा खर्च मागितला. पेढीच्या पोटनियमांत ‘अधिकाऱ्यांना’ खर्च देण्याची तरतूद होती, आणि त्याचा हुद्दा होता ‘उपाध्यक्ष’. पण पेढीत असे उपाध्यक्ष पुष्कळ. तो खरोखर अधिकारी होता काय, ह्या एका शब्दावर वर्षानुवर्षे वाद चालला आणि अखेर तो हरला. खर्चाचा हक्क मिळविण्यासाठीच आणखी खर्च झाला. नियमात ‘अधिकारी’ म्हणजे कोण हे आधीच लिहिलेले असते, तर हे रामायण घडले नसते. आपल्या १९७० च्या कायद्यात ‘प्रत्येक अधिकारी व इतर कर्मचारी’ असे स्वच्छ शब्द आहेत, ही त्या मानाने भाग्याची गोष्ट होय.

आता राहिले एजंट. आपल्या गावागावांतून रोज संध्याकाळी दुकानोदुकानी फिरणारा पिग्मी एजंट सर्वांच्या ओळखीचा आहे. ही योजना उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली सुरू केली आणि पुढे ती आपल्या सहकारी बँका व पतसंस्थांनीही उचलली. हा माणूस नोकर की एजंट, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे ठेव गोळा करणारे लोक कामगारच आहेत आणि त्यांचे कमिशन हे वेतनच आहे, असे ठरविले. तेव्हा बँकेची पावती देऊन बँकेसाठी गोळा केलेल्या पैशावरून कोणी त्याला कोर्टात खेचले, तर बँकेने ‘तो आमचा नव्हे’ म्हणून हात झटकणे शोभणार नाही. २००६ पासून खेड्यांत ‘बँक मित्र’ आले. त्यांच्या कृत्यांना मालक या नात्याने बँकाच जबाबदार राहतील, असे रिझर्व्ह बँकेचे म्हणणे आहे. बाहेरच्यांपुढे जबाबदारी बँकेची, तर सरळ काम करणाऱ्या बँक मित्राच्या बचावाची जबाबदारीही न्यायाने तिच्याकडेच येते. फक्त एक गोष्ट पाहावी: अशा एजंटांकडून जे छापील करारनामे सही करून घेतात, त्यांत पुष्कळदा उलटे कलम असते, बँकेला काही तोशीस लागली तर एजंटाने भरून द्यावी, असे. सही करण्यापूर्वी ते कलम वाचावे, आणि ‘माझ्या कसुरीमुळे’ एवढे दोन शब्द त्यात घालून मागावे.

वसुली एजंटांचे तसे नाही. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने गुंडांकरवी वसुली करण्याच्या प्रकारावर कडक ताशेरे झाडले आणि २००८ साली रिझर्व्ह बँकेने त्याबाबत नियम घालून दिले. दारात जाऊन शिवीगाळ केली, गाडी हिसकावली, तर ते कृत्यच गुन्ह्याचे. तेथे आम्ही वर सांगितलेले २२४ वे कलम उभे राहते. ‘साहेबांनी सांगितले होते’ ह्या सबबीवर खर्च मिळत नाही. आणि साहेबांनी खरोखरच सांगितले असेल, तर साहेबही त्याच पिंजऱ्यात उभे राहावयास पात्र होतात.

बँकेच्या यादीवरचे वकील व मूल्यमापक यांची गोष्ट तिसरीच. ते स्वतंत्र धंदा करणारे लोक. मालमत्तेच्या कागदांवर चुकीचा अभिप्राय दिला म्हणून एका वकिलाला कर्जाच्या फसवणुकीत आरोपी केले होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कटात सामील असल्याचा पुरावा नसता केवळ मत चुकले एवढ्यावरून त्याला गुन्हेगार ठरविता येत नाही. अशा माणसाने खर्चाची तरतूद आपल्या नेमणुकीच्या अटींतच करून घ्यावी, हे बरे.

साक्षीदार म्हणून बोलावणे आले तर घाबरण्याचे कारण नाही. १८९१ च्या कायद्याप्रमाणे, ज्या दाव्यात बँक पक्षकार नाही तेथे वह्या घेऊन हजर राहण्याची सक्ती न्यायाधीशाच्या खास हुकुमावाचून करता येत नाही. बहुधा प्रमाणित नक्कल पुरते.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. करार कायद्यातील २२२ व्या कलमाची दोन्ही उदाहरणे बारकाईने वाचली, तर दिसून येईल की, दावा लागताच मुखत्याराने मालकाला कळविलेले आहे. तेव्हा समन्स हाती पडताच नोकराने त्याच दिवशी बँकेला लेखी कळवावे, पोच घ्यावी, आणि बचावाची मागणी स्पष्ट शब्दांत करावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. आश्वासन देणाऱ्या साहेबांची बदली होते, कागदाची होत नाही. दुसरी गोष्ट, कर्ज मंजूर करताना आपण ते का मंजूर केले याचे चार ओळींचे टिपण त्याच वेळी फायलीत ठेवावे. दहा वर्षांनी हेतू शाबीत करावयाचा असतो तेव्हा त्याच वेळी लिहिलेल्या चार ओळी मागाहून दिलेल्या चाळीस साक्षींहून जड भरतात.

बँकांनीही आपल्या बाजूने नियम लेखी करावेत: कोणाला खर्च मिळेल, किती, केव्हा, कोण ठरवील आणि केव्हा परत घेतला जाईल. ठरविणारा माणूस त्या प्रकरणात स्वतः गुंतलेला नसावा. आणि हा खर्च म्हणजे बँकेची मेहेरबानी असे समजू नये. ज्याने बँकेसाठी, बँकेने सांगितलेले काम, स्वच्छ मनाने केले, त्याचे ते बँकेकडे येणे आहे. आणि ज्याने बँकेच्या नावाखाली आपली तुंबडी भरली, त्याला त्यातला एक पैसाही नाही. ठेवीदाराच्या पैशाची राखण करावयाची तर ह्या दोन माणसांतला फरक वेळीच ओळखला पाहिजे.